'फुकट' या शब्दाची दुरुस्ती

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत कमी पैशांत सिनेमा कसा करावा यावरचा लेख वाचला. दोनदा वाचला. लेख उपयोगी आहे आणि शुद्धलेखनाच्या चुकाही त्यात दोनच आहेत, त्या इथे सांगत बसत नाही. एका वाक्यावर मात्र माझी पेन्सिल अडकली ती अडकलीच. स्वतःच्या आयुष्यावर सिनेमा करायचा म्हटलं की नट घरचे, जागा घरची आणि गोष्ट आपली, म्हणजे सगळंच फुकट, अशा अर्थाचं ते वाक्य आहे.

मी २६ वर्षं मुद्रितशोधक होतो. लोकांच्या मजकुरातले काने, मात्रा, वेलांट्या सावरण्यात माझी नजर गेली. आशयाला हात लावायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. सूर्य पश्चिमेला उगवला असं लेखकानं लिहिलं, तर समासात एक प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. आता निवृत्त झालो आहे, म्हणून प्रश्नचिन्हावर न थांबता पत्र लिहितो आहे. असा एक सिनेमा मी स्वतः केला आहे. तो ६४ मिनिटांचा होता, आता ४७ मिनिटांचा आहे. मधली १७ मिनिटं कुठे गेली ते सांगितल्याशिवाय 'फुकट' या शब्दाबद्दल मला बोलता यायचं नाही.

या प्रकारच्या सिनेमाबद्दल बोलताना एक आकडा हमखास सांगितला जातो. जोनाथन काऊएट या अमेरिकन माणसानं २००३ साली 'टार्नेशन' नावाचा सिनेमा केला. मानसिक आजारानं ग्रासलेली आई आणि तो स्वतः, यांच्यावरचा. अकरा वर्षांचा असल्यापासून तो स्वतःला चित्रित करत होता. ते सगळं त्यानं संगणकाबरोबर फुकट येणाऱ्या सॉफ्टवेअरवर जोडलं. खर्च म्हणे २१८ डॉलर ३२ सेंट. हा आकडा ऐकूनच मलाही हुरूप आला होता. पुढचं वाक्य मी बऱ्याच उशिरा वाचलं. तो सिनेमा चित्रपटगृहात लागेपर्यंत त्यातल्या गाण्यांचे आणि चित्रफितींचे हक्क सोडवायला आणखी सुमारे चार लाख डॉलर लागले. दुसऱ्याची गाणी वापरली तर त्यांची किंमत मोजावी लागते आणि ती मोजून घ्यायला वकील असतात. दुसऱ्याची आई, बहीण, भाचा वापरला तर तसं कोणी दारात येत नाही. एवढाच काय तो फरक.

आता माझा सिनेमा. वडील जाऊन ११ वर्षं झाली. शेवटचे आठ महिने त्यांची वाचा गेली होती. अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. समजत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं; पण तोंडातून एकच अक्षर निघायचं, 'ते'. पाणी हवं असलं तरी 'ते', खिडकी लाव म्हणायचं असलं तरी 'ते', आणि राग आला की 'ते ते ते'. पुढे कधीतरी वाचनात आलं, की १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं अशाच एका रुग्णाची नोंद केली होती. तो माणूस 'तां' एवढंच म्हणायचा. मेंदूच्या डाव्या भागात बोलण्याची जागा असते हे त्याच्यामुळे लक्षात आलं. वाचून उगाच बरं वाटलं. बाबांच्या 'ते'ला कोणीतरी भाऊबंद होता.

त्या आठ महिन्यांत ताईनं त्यांना आपल्या घरी ठेवलं. मी शनिवार-रविवार जायचो. म्हणजे बहुतेक शनिवार-रविवार. हा 'बहुतेक' सिनेमात नाही, इथे घालतो.

निवृत्तीनंतर वेळ होता, हातात फोन होता. जन्मभर शब्दांत वावरलेल्या मुलाच्या बापाचे शब्द जातात, यात एक सिनेमा आहे असं वाटलं. बाबांचा चष्मा, त्यांची खुर्ची, डाव्या हातानं गिरवलेली वही, आणि ताई. ताई बोलत असायची आणि मी तिच्यासमोर फोन धरून बसायचो. काम करता करता ती बोलायची, तिला कॅमेऱ्याचं काही वाटेनासं झालं. हळूहळू ८३ तासांचं फुटेज जमलं.

८३ तास म्हणजे रोज दोन तास पाहायचं म्हटलं तरी सहा आठवडे. सुपर एट या घरगुती फिल्म कॅमेऱ्यांच्या जमान्यात एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म असायची, सेकंदाला १८ फ्रेमच्या गतीनं ती तीन मिनिटं वीस सेकंदांत संपायची. सोळा एमएमचं शंभर फुटांचं रीळ त्याहूनही लवकर. त्या लोकांना बटण दाबण्याआधी ठरवावं लागत होतं, हे मला हवं आहे का. मला काहीच ठरवावं लागलं नाही. स्वस्ताईचा हा तोटा कोणी सांगत नाही. नको ते विचारायची, नको तिथे कॅमेरा चालू ठेवायची सवय लागते, कारण चालू ठेवायला काही पडत नाही. ताई फोनवर भांडत होती तेही माझ्याकडे आहे. ती झोपली होती तेही आहे.

फुटेज सांभाळायला भाचा पुढे आला. ताईचाच मुलगा, तेव्हा वीस वर्षांचा. त्याचा लॅपटॉप, फुकट मिळणारं संकलनाचं सॉफ्टवेअर आणि एक नियम. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. 'मामा, डिस्क जाणार की नाही हा प्रश्नच नाही, कधी जाणार एवढंच,' असं तो म्हणायचा. एकदा गेलीही, आणि त्याच्या नियमामुळे काही बिघडलं नाही.

सगळं पाहून झाल्यावर तो म्हणाला, 'यात सगळे आजोबांबद्दल बोलतात. तूच कुठे बोलत नाहीस.'

बोलण्यासारखं काय होतं ते मला ठाऊक होतं. बाबांच्या शेवटच्या रात्री ताई दवाखान्यात होती, मी घरी. रात्री दोन चाळीसला तिचा फोन आला. मी तो घेतला नाही. बाबा चारच्या सुमारास गेले. सकाळी मी ताईला सांगितलं, फोन सायलेंटवर होता. तिनं ते ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

एका संध्याकाळी खोलीचं दार लावलं, फोन ट्रायपॉडवर चढवला, शर्टाला कॉलर माइक लावला आणि बोललो. १४ मिनिटं. उठलो तेव्हा पाय लटपटत होते. पाहायला घेतलं तर चित्र आहे, आवाज नाही.

या माइकच्या वायरीवर मध्ये एक डबी असते, तिला एक बारीक स्विच. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. स्विच कॅमेऱ्याकडे असला की डबीतला बटणाएवढा सेल लागतो आणि माझा सेल उतरला होता. त्यात माइकची पिन आत गेली की फोन आपला स्वतःचा माइक बंद करून टाकतो. मोठी माणसं आली, आता आपण कशाला बोला, असा त्याचा विनय. तेव्हा १४ मिनिटं मी हलत्या ओठांचा माणूस झालो होतो. वाचा गेलेल्या माणसाचा मुलगा. हे तेव्हा सुचलं नाही, भाच्याला सुचलं आणि तो हसला. मीही हसलो.

ज्या सिनेमात पैसे असतात तिथे यासाठी एक माणूस असतो. कानाला हेडफोन लावून बसतो आणि 'थांबा, आवाज येत नाहीये' म्हणतो. तो माणूस त्या खोलीत असता तर ती दुर्घटना झाली नसती. पण तो असता तर मी बोललोही नसतो. म्हणजे तोंड उघडलं ते कमी पैशांमुळे आणि बोललेलं गेलं तेही कमी पैशांमुळे. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

सेल शोधण्यात वीस मिनिटं गेली. पुन्हा बसलो. या वेळी नऊ मिनिटांत झालं. आवाज स्वच्छ, शब्द नेमके, एके ठिकाणी गळा दाटला तोही बरोबर जागी. भाच्यानं ती नऊ मिनिटं टाइमलाइनवर टाकली आणि सिनेमाला कणा मिळाला असं आम्हा दोघांनाही वाटलं.

इथे संपलं असतं. पण आवाज नसलेल्या त्या पहिल्या टेकमधला चेहरा भाच्याला सोडवेना. तो म्हणाला, चित्र पहिल्याचं घेऊ, आवाज दुसऱ्याचा लावू. बोलणं तर तेच आहे ना? मी म्हटलं, तेच आहे. मग ओठ जुळवायला बसलो.

आमच्या कामात एक जुनी पद्धत होती. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं मुद्रितावर बोट फिरवायचं. तसंच केलं. भाचा दुसऱ्या टेकचे शब्द सावकाश म्हणत होता आणि मी पडद्यावर माझे ओठ पाहत होतो. ओठांवरून सगळं कळत नाही. क, ग, त, द आत कुठेतरी होतात. पण प, ब, भ, म म्हणायचं तर ओठ मिटावेच लागतात आणि ते लपत नाही. दुसऱ्या टेकमध्ये मी म्हणालो होतो, 'फोन वाजत होता, मी अर्धवट झोपेत होतो.' त्यात 'झोपेत'मधल्या 'पे'ला ओठ मिटतात, शब्दाच्या मध्ये. पहिल्या टेकमध्ये त्या जागी ओठ मध्ये मिटतच नव्हते. शब्दाच्या सुरुवातीलाच मिटत होते, मग 'आ'साठी तोंड मोठं उघडत होतं. आणि त्याच क्षणी उजवा हात मांडीवरून उचलला जाऊन तळवा खाली असा पालथा होत होता.

भाच्यानं चार वेळा मागे-पुढे करून पाहिलं. मला एकदाच पुरलं. 'ताईचं नाव दिसलं. फोन पालथा घातला.'

पाठभेद म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. पहिल्या प्रतीत एक आणि दुसऱ्या प्रतीत दुसरं, तर त्यातलं कोणतं मागाहून गुळगुळीत केलेलं आहे ते नजरेला कळतं. मी झोपेत नव्हतो. नाव वाचलं होतं. सेल शोधायच्या वीस मिनिटांत मी माझंच मुद्रित तपासलं होतं आणि तेही मला नकळत, ही त्यातली मजा. आशयाला हात लावायचा नाही म्हणणारा माणूस!

आपल्याकडे लोक म्हणतात की कॅमेऱ्यासमोर माणूस खोटा होतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माणूस दुसऱ्या टेकला खोटा होतो. सारा पॉली या कॅनडाच्या दिग्दर्शिकेचा 'स्टोरीज वी टेल' हा २०१२ सालचा माहितीपट तिच्या आईच्या एका गुपितावर आहे. त्यात घरच्या जुन्या फिल्मसारखी दिसणारी बरीच दृश्यं आहेत आणि ती नटांना घेऊन नव्यानं चित्रित केलेली आहेत, हे प्रेक्षकाला शेवटाकडे कळतं. काहींना ती फसवणूक वाटते. मला वाटत नाही, कारण ती स्वतःच ते उघड करते. मी काय केलं असतं? नऊ मिनिटांचा तो स्वच्छ टेक लावून लोकांकडून 'किती प्रामाणिक' असं ऐकून घेतलं असतं.

शेवटी पहिला टेक ठेवला, तसाच, आवाजाशिवाय. १४ पैकी सहा मिनिटं. ओठांवरून जेवढं वाचता आलं तेवढं खाली सबटायटलमध्ये घातलं आणि जिथे वाचता आलं नाही तिथे रिकामं सोडलं. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांचा २००० सालचा सरवा वेचणाऱ्या माणसांवरचा माहितीपट मी त्याच सुमारास पाहिला. त्यात त्या एका हातात लहान डिजिटल कॅमेरा धरून आपलाच सुरकुतलेला दुसरा हात दाखवतात. एकदा कॅमेरा बंद करायला विसरतात आणि चालताना लेन्सचं झाकण लोंबकळत नाचत राहतं. ते त्यांनी काढलं नाही, खाली संगीत घालून ठेवून दिलं. शेतात राहिलेला सरवा वेचावा तसं. त्यानं धीर आला. अर्थात त्यांचं झाकण नाचत होतं, माझं निघालं होतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे तिथे येतो.

पहिल्यांदा दुसरा टेक ऐकला तेव्हाच भाच्यानं विचारलं होतं, 'मामा, हे आईला माहीत आहे?'

मी म्हटलं, 'अजून नाही. सिनेमा पूर्ण झाला की दाखवू. तोवर बोलू नकोस.'

हे वाक्य म्हणायला मला तीन सेकंद लागले असतील. तो पुढे दीड वर्ष त्यावर जगला. आईच्याच घरात राहत होता. तिच्या शेजारच्या खोलीत हेडफोन लावून माझी कबुली पुढे-मागे करत बसायचा. ती दार उघडून विचारायची, 'कुठवर आलं?' आणि हा स्पेस बार दाबून चित्र थांबवायचा. हे सगळं त्यानं मला खूप नंतर सांगितलं. मोबदला शून्य. आपल्या लेखातल्या हिशेबानं संकलक फुकट मिळाला.

मग एका दुपारी ताईला रफ कट, म्हणजे सिनेमाची कच्ची जुळणी, दाखवला. लॅपटॉपवर, आम्ही दोघंच. आधी काही सांगितलं नाही. सिनेमाच सांगेल, असं काहीतरी डोक्यात होतं. आज लिहिताना लाज वाटते. बाबांचा चष्मा आला तेव्हा ती हसली. स्वतःला पाहून 'किती जाड दिसते मी' म्हणाली. ४१व्या मिनिटाला ती सहा मिनिटं सुरू झाली. ताई खालची अक्षरं वाचत होती. मी तिच्याकडे पाहत नव्हतो, पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत होतो.

संपल्यावर तिनं स्वतःच बटण दाबून थांबवलं.

'कधी शूट केलंस हे?'

'दीड वर्ष झालं.'

'दीड वर्षात तू मला किती वेळा फोन केलास?'

मी गप्प.

'रोज करतोस. ह्याच फोनवरून ना? ज्यात हे होतं?'

तो फोन टेबलावरच होता. मी रागावण्याची वाट पाहत होतो, रात्रीच्या त्या कॉलबद्दल. ती त्याबद्दल एवढंच म्हणाली, 'मला अंदाज होता. सायलेंटवर असता तर तू सकाळी आधी माझे मिस्ड कॉल किती ते सांगितलं असतंस. तुला आकडे सांगायची सवय आहे.' म्हणजे ११ वर्षं तिनंही एक प्रत स्वतःकडे ठेवली होती.

मग विचारलं, 'हे जोडलं कोणी?'

मी भाच्याचं नाव घेतलं.

तेव्हा ती उठली. खोलीतून गेली. त्यानंतर सात महिने माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि पोराशी दोन दिवस अजिबात नाही. त्याचा काय दोष होता? माझ्या पापाला तो साक्षीदार झाला होता आणि साक्षीदार मी निवडला होता, कारण तो परवडणारा होता.

तिचं म्हणणं नंतर भाच्यामार्फत आलं. मला यातून काढ. पूर्ण. आवाजही नको.

लोक मला म्हणाले की तिला समजावता आलं असतं. एकानं असंही सुचवलं की चेहरा धूसर करा. बहिणीचा चेहरा धूसर केला तर ती चोर असल्यासारखी दिसेल. इथे छापील आत्मचरित्र आणि सिनेमा यांतला फरक कळतो. मी पुष्कळ आत्मचरित्रं तपासली आहेत. पहिल्या मुद्रितात असलेला 'माझा थोरला भाऊ' तिसऱ्या मुद्रितात 'एक जवळचे नातेवाईक' होतो. ती दुरुस्ती लेखकाच्या हातची असते, शाईचा रंगही वेगळा असतो. घरात काहीतरी झालेलं असतं, आम्ही विचारत नाही. एका शब्दावर तिथे माणूस झाकता येतो. सिनेमातल्या बहिणीला 'एक जवळची नातेवाईक' करायची सोय नाही. ती एकतर आहे किंवा नाही.

१७ मिनिटं काढली. त्यात सिनेमातलं सर्वांत चांगलं होतं. बाबांच्या 'ते'चे अर्थ ती उलगडून सांगते तो भाग त्यात होता. कोणत्या 'ते'ला कोणता स्वर, कोणत्या 'ते'ला भुवई वर. त्या भाषेचा कोश फक्त तिच्याकडे होता, कारण त्या घरात ती आठ महिने राहिली होती आणि मी शनिवार-रविवार. तो भाग गेल्यावर बाबा पुन्हा मुके झाले. उरलेल्या ४७ मिनिटांत माझा अपराध आहे, माझा चेहरा आहे आणि रिकामी खुर्ची आहे. स्वतःवरचा सिनेमा म्हणतात तो हा. इतरांनी आपापलं काढून घेतलं की उरतो तो.

असे सिनेमे करूच नयेत, असं मी म्हणत नाही. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना घरात वर्षानुवर्षं चित्रित केलं आणि त्यातून पुढे २०२३ साली 'वसुधैव कुटुंबकम्' आला. बेल्जियमच्या दिग्दर्शिका शांताल अकरमान यांचा २०१५ सालचा शेवटचा माहितीपट म्हणजे बराचसा आईच्या घरातल्या गप्पा आणि व्हिडिओ कॉल. कॅमेरे साधे, घर तेच, माणसं दोन. पण त्या आईला समोर मुलगी दिसत होती आणि मुलीच्या हातातला कॅमेराही. माझ्या ताईला फोनच दिसत होता, त्यात काय आहे ते दिसत नव्हतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण आपल्या लेखात त्या नव्हत्या आणि तरुण वाचक त्या शोधत असतील. परक्या माणसाकडून आपण संमतीपत्रावर सही घेतो, घरच्यांकडून घेत नाही, विचारणंही अपमानाचं वाटतं. विचारावं. सहीपेक्षाही तारीख महत्त्वाची असते. संमती शूटिंगच्या दिवशीची की रफ कट पाहिल्यानंतरची? पहिलीला फारसा अर्थ नसतो, कारण काय होणार आहे ते करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि ज्याला दाखवायचं त्याला आधी तोंडी सांगावं. चित्रानं सांगू नये. संकलन करणारा घरचा असेल तर त्याच्याकडे गुपित ठेवायला देऊ नये. तशी वेळ येत असेल तर तेवढा भाग स्वतः जोडावा, वाईट जोडला तरी चालेल. आणि बोलायला बसण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकावेत. स्विच कुठे आहे ते पाहावं. हे शेवटचं मला सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं आणि सर्वांत कमी महत्त्वाचं आहे.

४७ मिनिटांचा सिनेमा एकदा दाखवला. ३१ माणसं होती. नंतर एका गृहस्थांनी उभं राहून त्या सहा मिनिटांच्या मौनाचं फार कौतुक केलं. वडिलांचं मूकपण मुलानं अंगावर घेतलं आहे, असं काहीसं ते बोलले. मी मान डोलावली. सेल उतरला होता हे सांगितलं नाही. म्हणजे कबुलीच्या सिनेमानंतरच्या चर्चेतही मी एक फोन पालथा घातला. ते गृहस्थ आपले वाचक असतील तर त्यांनी कृपया नोंद घ्यावी.

श्रेयनामावलीत संकलकाचं नाव नाही. भाच्यानंच नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाला, 'ते.' नंतर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

पत्र लांबलं आहे. कात्री लावायचा आपला अधिकार मला मान्य आहे, फक्त आकडे तसेच राहू द्या. आणि पुढे कधी तो लेख पुस्तकात घेणार असाल तर 'फुकट'च्या जागी 'उसनं' हा शब्द चालतो का ते लेखकाला विचारून पाहा. माझं काम सुचवण्याचं.

ताईचा गेल्या महिन्यात फोन आला. रात्री साडेनऊला, मी पहिल्या रिंगला घेतला. काढलेली १७ मिनिटं पुसलीस का, असं तिनं विचारलं. नाही म्हटलं. मग तिनं ती मागितली, तिन्ही प्रती. भाचा डिस्क घेऊन गेला, माझ्यासमोर त्यानं दुसऱ्या घरातली प्रतही मागवून घेतली. आता त्या तिच्या कपाटात आहेत. अधूनमधून ती लॅपटॉप लावून बाबांचे 'ते' ऐकते असं तो सांगतो. माझ्याकडे त्याचा बॅकअप नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव व पत्ता संपादकांकडे)